रविवार एकट्याचा आणि रविवार सगळ्यांचा

समर्थक : स्वतंत्रपणे, घरून काम करणारा माणूस रविवारीही काम करतो असं कळलं की लोक हळहळतात. ही हळहळ मला चुकीच्या जागी वाटते. नोकरदाराला कामावर बोलावलं गेलेला रविवार आणि फ्रीलान्सरचा कामाचा रविवार यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. अनुवादकाचं उदाहरण घ्या. सोमवार ते शुक्रवार त्याचं एक पान सलग होत नाही. मध्येच फोन येतो, 'जरा अर्जंट आहे' म्हणून दुसरंच काम पुढ्यात येऊन पडतं, कुणाला बिल पुन्हा पाठवायचं असतं, कुणाला कालच्या फाइलमधले दोन शब्द बदलून हवे असतात. रविवारी यातलं काही नसतं. पेपर वाचून, दुसरा चहा घेऊन दहाच्या सुमारास तो बसतो. आठवडाभर अडलेला एखादा पारिभाषिक शब्द तीन-तीन कोशांत शोधायला त्याला सवड असते. झालेला मजकूर तो मोठ्याने वाचून बघतो. जीभ जिथे अडखळते तिथलं वाक्य मोडून नव्याने लिहितो. मध्ये उठून मेथी निवडतो, जेवल्यावर तासभर पडतो, उन्हं उतरली की उरलेली दोन पानं संपवतो. तास मोजले तर चारही भरणार नाहीत, पण आठवड्यातलं सगळ्यात चोख काम त्याच वेळात झालेलं असतं. याला राबणं कसं म्हणायचं? इंग्लिश इतिहासकार ई. पी. थॉम्प्सन यांनी 1967 सालच्या एका गाजलेल्या निबंधात दाखवून दिलं आहे की, कारखाने येण्यापूर्वीचा कारागीर घड्याळाकडे बघून काम करत नसे, हातातल्या कामाकडे बघून करत असे. कधी ढोरमेहनत, कधी सैलसर दिवस, अशी त्याची लय होती. काम इकडे आणि जगणं तिकडे, ही वाटणी कारखान्याच्या भोंग्याने केली. फ्रीलान्सरने ती वाटणी मोडून जुनी लय परत मिळवली आहे, असं मी म्हणेन.

साशंक : थॉम्प्सन यांचा आधार तुम्ही घेतलात, पण त्या कारागिराची निम्मीच हकीकत सांगितलीत. हे कारागीर सोमवारी काम बंद ठेवत आणि ही रीत इतकी पक्की होती की तिला 'सेंट मंडे' असं नावच पडलं होतं. ती मोकळीक एकेकट्याने घेतलेली नव्हती. एका धंद्यातली माणसं त्याच दिवशी मोकळी असत, एकमेकांना भेटत, म्हणून मालकाला ती रीत सहजासहजी मोडता येत नसे. तुमचा अनुवादक मात्र खोलीत एकटा आहे. आणि आपल्याकडचा रविवार आला कुठून, हेही विसरून चालणार नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांत उजाडल्यापासून मावळेपर्यंत काम चाले आणि आठवड्याची हक्काची सुट्टी नव्हती. सत्यशोधक चळवळीतले कार्यकर्ते आणि 'दीनबंधु'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 साली गिरणी कामगारांना संघटित केलं. त्या वर्षी फॅक्टरी कमिशनपुढे जे निवेदन गेलं त्यावर साडेपाच हजार कामगारांनी नावं घातली होती आणि रविवारी पूर्ण दिवस सुट्टी ही त्यातली पहिली मागणी होती. गिरणी मालकांनी ती मान्य करायला 10 जून 1890 उजाडला. मुळात रविवार हा खंडोबाचा वार. सगळ्यांनी मिळून पाळावा असा तो दिवस आपल्या लोकांच्या मनात आधीपासून होता. अशा झगडून मिळवलेल्या दिवशी आपण होऊन फाइल उघडून बसायचं आणि त्याला स्वातंत्र्य म्हणायचं, हे मला पटत नाही.

समर्थक : लोखंडे यांच्याविषयी आदर मलाही आहे. पण त्यांची लढाई कशाविरुद्ध होती? माणसाच्या वेळेवर दुसऱ्याचा ताबा असण्याविरुद्ध. गिरणीचं दार कधी उघडायचं आणि कधी लावायचं हे कामगाराच्या हाती नव्हतं, म्हणून निदान एक दिवस तरी ते दार बंद राहावं असा आग्रह धरावा लागला. फ्रीलान्सरचं दार त्याच्या स्वतःच्या हातात आहे. मंगळवारी दुपारी तो आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेतो, बुधवारी बँकेत जातो, गुरुवारी मुलाच्या शाळेतल्या पालकसभेला हजर राहतो, आणि त्यासाठी त्याला कुणापुढे रजेचा अर्ज करावा लागत नाही. नोकरदार ही सगळी कामं शनिवार-रविवारवर ढकलतो आणि सोमवारी दमलेलाच कामावर जातो. मग फ्रीलान्सरने मंगळवारचे चार तास रविवारी भरून काढले तर बिघडलं काय? माणसाचं शरीर वार ओळखत नाही, ताण ओळखतं. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी 2021 साली जो संयुक्त अभ्यास प्रसिद्ध केला, त्याचा निष्कर्ष असा की, आठवड्याला 35 ते 40 तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत 55 किंवा त्याहून जास्त तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे 35 टक्क्यांनी जास्त असतो. यात मोजले आहेत ते एकूण तास. ते आवाक्यात असतील तर कुठल्या वारी काम केलं हा प्रश्न गौण ठरतो.

साशंक : मंगळवारची भरपाई रविवारी, हे गणित कागदावर जुळतं. प्रत्यक्षात अदलाबदल होतच नाही, बहुतेक वेळा नुसती भर पडते. कारण सरळ आहे. नोकरदाराच्या सुट्टीचा पगार कापला जात नाही. फ्रीलान्सरच्या प्रत्येक रिकाम्या तासाची किंमत त्याच्या स्वतःच्या खिशातून जाते. त्यात बिलं वेळेवर मिळतील याची खात्री नाही. लोखंडे यांच्या मागण्यांत आणखी एक मागणी होती, की महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत हातात पडावा. आज स्वतंत्र काम करणाऱ्या कितीतरी जणांना तेवढीसुद्धा हमी नाही. मागचे पैसे अडकलेले असताना पुढचं काम कोण नाकारणार? मग शुक्रवारी संध्याकाळी सहाला निरोप येतो, 'सोमवारी सकाळी मिळेल का?' या वाक्यात रविवारचं नावसुद्धा नाही, पण मागितला आहे तो रविवारच. 'हो, देतो' असं उत्तर गेलं की निवांतपणाचं सोंग सुरू होतं. दार आपल्या हातात आहे की नाही याची खरी परीक्षा रविवारी काम करता येण्यात नाही. नाही म्हणूनही पुढच्या आठवड्यात काम टिकतं का, यात आहे. आता समजा, अदलाबदल अगदी प्रामाणिकपणे झाली. तरीही मंगळवार हा रविवार होत नाही. सोव्हिएत संघाने 1929 मध्ये सगळ्यांचा रविवार रद्द करून कामगारांचे पाच गट पाडले होते. चार दिवस काम आणि पाचव्या दिवशी सुट्टी, पण प्रत्येक गटाची सुट्टी वेगळ्या दिवशी. यंत्रं अखंड चालावीत हा हेतू होता. विश्रांतीचे दिवस मोजले तर ते पूर्वीपेक्षा वाढले होते, तरी लोक नाराज झाले. नवरा-बायकोची सुट्टी एका दिवशी येईना, मित्रांची गाठ पडेना. दोनच वर्षांत ही पद्धत गुंडाळायला सुरुवात झाली आणि 1940 साली रविवार परत आला. इतक्या लांब जायलाही नको. पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यात विजेचा भार विभागण्यासाठी साप्ताहिक सुट्टी गुरुवारी ठेवली गेली. वडील गुरुवारी घरी असतात तेव्हा मुलं शाळेत, आणि मुलं रविवारी घरी असतात तेव्हा वडील कारखान्यात. सुट्टीत कपात झालेली नाही, सोबतीत झाली आहे.

समर्थक : सोबतीचा मुद्दा मोलाचा आहे आणि मी तो उडवून लावणार नाही. पण ज्या सामायिक रविवारचं तुम्ही गुणगान करता, तो खरोखर सगळ्यांचा होता का? राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने 2019 साली केलेल्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी 299 मिनिटं देतात असं दिसलं. घरकाम करणाऱ्या पुरुषांची सरासरी 97 मिनिटांची. मुळात दिवसभरात काही ना काही घरकाम करणाऱ्यांचं प्रमाण स्त्रियांत 81 टक्के होतं आणि पुरुषांत जेमतेम 26. रविवारी घरातली सगळी माणसं घरी असतात, म्हणजे स्वयंपाकघरात काम वाढतं. सकाळी सगळ्यांना सावकाश नाश्ता हवा, दुपारी मटण किंवा काहीतरी खास, संध्याकाळी पाहुणे. गिरणीचं दार बंद झालं तरी या दाराला कडी लागली नाही. आता घरून काम करणाऱ्या बाईचा विचार करा. सोमवार ते शनिवार ती शाळेच्या डब्यात, घंटा वाजवणाऱ्या माणसांत आणि 'तू घरीच असतेस ना' या गृहीतकात अडकलेली असते. रविवारी नवरा घरी असतो, मुलांकडे बघायला दुसरा माणूस असतो. त्या दिवशी खोलीचं दार लावून घेऊन ती तीन तास सलग बसू शकली, तर त्या तीन तासांना तुम्ही कष्ट म्हणाल की सुटका? तिच्या दृष्टीने आठवड्यातला पहिला मोकळा श्वास तो आहे. रविवारी काम नकोच, असा नियम केलात तर सगळ्यात आधी तिचीच वाट बंद होईल.

साशंक : हा तुमचा आजवरचा सगळ्यात बळकट युक्तिवाद आहे. पण तो रविवारच्या बाजूने जितका बोलतो, त्याहून जास्त सोमवार ते शनिवारच्या विरोधात बोलतो. तिला आठवड्याच्या मधल्या दिवसांत काम करू दिलं जात नाही, हा मूळ अन्याय आहे. रविवार ही त्यावरची मलमपट्टी झाली. हेच माप तुमच्या पहिल्या अनुवादकालाही लावा. त्याने दहा वाजता जो दुसरा चहा घेतला तो कुणी केला? त्याने मेथी निवडली, ठीक; भाजी कुणी फोडणीला टाकली? निवांत काम करणाऱ्याच्या पाठीशी दुसऱ्या कुणाचं तरी अजिबात निवांत नसलेलं काम असेल, तर त्या लयीचं कौतुक जपून करायला हवं. आणि आता ज्या शांततेवर तुमची सगळी मांडणी उभी आहे तिच्याविषयी. रविवारी फोन का येत नाही? कारण समोरचा माणूस सुट्टीवर आहे. मेल का येत नाही? कारण पलीकडचं ऑफिस बंद आहे. ती शांतता तुमच्या अनुवादकाने तयार केलेली नाही. सुट्टी पाळणाऱ्या लाखो लोकांनी ती तयार केली आहे. गावच्या विहिरीसारखी ती आहे. पाणी सगळ्यांच्या संयमामुळे टिकतं, आणि पंप बसवणारा पहिला माणूस म्हणतो की मला तर भरपूर मिळतंय. उद्या क्लायंटही रविवारी 'निवांत' कामाला बसला, त्याचा हिशेबनीसही बसला, छापखानाही बसला, तर तो रविवार बुधवारसारखाच होईल. असं होणारच नाही असं कुणी म्हणू नये. 2025 च्या जानेवारीत देशातल्या एका बड्या कंपनीच्या अध्यक्षांनी आपल्याला कर्मचाऱ्यांकडून रविवारी काम करून घेता येत नाही याची खंत बोलून दाखवली होती. त्यावर देशभर संताप उसळला, तो बरंच काही सांगून जातो. पण आपल्यापैकी प्रत्येक जण खासगीत, आपल्या मर्जीने रविवार देऊन टाकत असेल, तर त्या अध्यक्षांना जबरदस्ती करण्याची गरजच उरणार नाही.

समर्थक : शांतता ही सामायिक ठेव आहे, हे मी मान्य करतो, तिचा उपसा करताना तारतम्य हवं, हेही. पण सुट्टी पाळणं म्हणजे हात बांधून बसणं, असं समीकरण मांडलंत तर फार मोठी किंमत द्यावी लागेल. आपल्याकडच्या लेखकांचंच बघा. मराठीत निव्वळ लेखनावर पोट भरणारे थोडे. शाळा, कचेऱ्या, बँका सांभाळून लिहिणारे पुष्कळ. त्यांच्या कथा-कविता, दिवाळी अंकांसाठीचे लेख, अनुवाद, संशोधन यांना सुट्टीच्या दिवसाखेरीज दुसरा वेळ कुठे होता? ते काम नव्हतं का? होतं, आणि कष्टाचं होतं. तरी त्याबद्दल कुणी त्यांची कीव केली नाही. कारण त्या दिवशी त्यांच्यावर कुणाची हुकमत नव्हती. यावरून मला असं वाटू लागलं आहे की आपण दोघंही चुकीच्या ठिकाणी रेघ ओढत होतो. मी काम आणि विश्रांती यांतला फरक पुसत होतो, तुम्ही तो ठळक करत होता. खरी रेघ वेगळीकडे आहे. रविवारी मी काम करतो की नाही, ही एक गोष्ट. रविवारी मी दुसऱ्यासाठी उपलब्ध आहे की नाही, ही दुसरी. पहिली ज्याची त्याने ठरवावी. दुसरीत मात्र माझ्यासोबत इतरांचाही रविवार गुंतलेला असतो. दार लावून, आपल्या मनाने काम करणारा माणूस कुणाची सुट्टी हिरावत नाही. निरोपाला लगेच उत्तर देणारा, फाइल रविवारी रात्री पाठवणारा, 'रविवारीसुद्धा चालेल' असं सांगून काम मिळवणारा माणूस ती हिरावतो.

साशंक : ही रेघ मला मान्य आहे. पण ती टिकवायची कुणी आणि कशाच्या जोरावर, हा प्रश्न तुम्ही मोकळा सोडलात. कारखाने कायद्याने 1948 साली आठवड्याच्या सुट्टीची तरतूद केली आणि ठरलेल्या तासांपलीकडच्या कामाला दुप्पट दराने मोबदला देणं बंधनकारक केलं. जादा वेळ महाग केला, म्हणून तो मागताना मालकाला दोनदा विचार करावा लागला. फ्रीलान्सर मात्र रविवार मंगळवारच्याच दरात देतो. शुक्रवारी संध्याकाळी दिलेलं काम सोमवारी सकाळी त्याच पैशांत मिळतं, हे क्लायंटला एकदा कळलं की तो बाजाराचा रिवाज होऊन बसतो. मग जिला रविवारी वेळ काढता येत नाही, जिच्या घरी तान्हं मूल आहे किंवा अंथरुणाला खिळलेली सासू आहे, ती आपोआप स्पर्धेतून बाहेर फेकली जाते. तुमच्या निवांत रविवाराने तिला हरवलेलं असतं आणि तुम्हाला त्याचा पत्ताही नसतो. कायद्याकडे बघावं तर 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेने पारंपरिक मालक-नोकर नात्याबाहेर काम करणाऱ्यांची, म्हणजे 'गिग' कामगारांची, दखल प्रथमच घेतली, त्यांच्यासाठी विमा, आरोग्य, वृद्धापकाळ अशा योजनांची वाट मोकळी केली. आठवड्याच्या सुट्टीचा हक्क काही दिला नाही. नीती आयोगाच्या 2022 च्या अहवालात 2020-21 मध्ये देशात 77 लाख गिग कामगार असल्याचा अंदाज होता आणि 2029-30 पर्यंत ते 2 कोटी 35 लाखांवर जातील असं म्हटलं होतं. इतकी माणसं, पण गिरणीच्या दारात जशी एकमेकांना दिसायची तशी ती दिसत नाहीत. जे एकमेकांना दिसत नाहीत, ते एका निवेदनावर नावं कशी घालणार?

समर्थक : संघटना हवी आणि कायदाही हवा, यावर आपलं दुमत नाही. पण दोन्ही येईपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं का? संघटनेच्या आधी रिवाज तयार होतात, आणि रिवाज एकेका माणसाच्या वागण्यातून पडतात. दर ठरवतानाच शनिवार-रविवारच्या कामाचा दर वेगळा आणि चढा आहे असं लेखी कळवायचं. शुक्रवारच्या निरोपाला 'मंगळवारी देतो' असं उत्तर द्यायचं आणि त्याचं कारण सांगत बसायचं नाही. रविवारी आपण काम करतो ही गोष्ट जाहिरातीसारखी मिरवायची नाही. आणि घरातल्या दुसऱ्या माणसालाही आठवड्यात तेवढेच तास, तसंच लावून घ्यायला दार मिळतंय ना, हे आधी बघायचं.

साशंक : हे सगळं ज्याच्याकडे चार पैसे शिल्लक आहेत त्याला जमेल. ज्याचं घरभाडं थकलं आहे तो मंगळवारी देतो म्हणू शकणार नाही, आणि त्याला त्याबद्दल बोल लावण्याचा अधिकार आपल्याला नाही. म्हणून तुमचा रिवाज हक्काची जागा घेऊ शकत नाही. पण एवढं मी मानतो की, ज्यांना परवडतं त्यांनी तो पाळला नाही, तर ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी हक्क मागायला तोंड उरणार नाही.

समर्थक : तर मग ज्यांना परवडतं त्यांनाच सांगू या. रविवारी जरूर काम करा, आवडीने करा, सावकाश करा. पण रविवारी संपलेली फाइल सोमवारी दहाच्या आधी कुणालाही पाठवू नका.